छत्रीवालीचे बारा अंक

माझा धंदा असा, की त्यात पुस्तक जितकं कमी वाचलं जाईल तितकं ते महाग होतं. पुण्याच्या माझ्या बहिणीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुझ्या दुकानात न वाचणाऱ्यांचीच गर्दी असेल." गर्दी कधीच नव्हती, पण बाकी तिचं बरोबर होतं. कार्ल्सरूहेच्या एका गल्लीत, न्हावी आणि चावीवाला यांच्या मधल्या अरुंद दुकानात मी अठ्ठावीस वर्षं जुनी कॉमिक्स घेतली, विकली आणि लोकांच्या संग्रहांच्या किमती ठरवून दिल्या. मागच्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दुकान बंद केलं.

कॉमिक्स म्हटलं की लोकांना ते दोन-चार जगप्रसिद्ध वीर आठवतात. त्यांच्याशी माझा संबंध नाही. त्यांचे पहिले अंक तिजोरीत असतात आणि त्यांचा व्यवहार करणारे लोक सूट घालतात. माझ्याकडे असायचे ते ओवाळून टाकलेले वीर. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात एखाद्या हौशी छापखानदाराने काढलेले, दहा-बारा अंकांत बंद पडलेले. उदाहरणार्थ 'हेर फाहरप्लान', म्हणजे श्रीयुत वेळापत्रक. या गृहस्थांची शक्ती अशी, की उशिरा धावणारी कुठलीही रेल्वे ते वेळेवर आणू शकत, पण त्या गाडीत त्यांना स्वतःला कधी चढता येत नसे. किंवा 'शिर्मफ्राउ', छत्रीवाली. ही एक विधवा शिक्षिका. तिच्या उघड्या छत्रीखाली जो उभा राहील त्याला खोटं बोलता येत नसे. मारामारी नाही, उडणं नाही. ती नुसती पावसात लोकांना छत्रीत घ्यायची आणि गावातली लफडी बाहेर यायची.

अशा वीरांत पैसे का गुंतवायचे? कारण ते छापलेच कमी, आणि जपून तर त्याहून कमी लोकांनी ठेवले. उद्या कोणी त्यावर मालिका काढायचं ठरवलं, की सगळे धावत येतात आणि अंक सापडत नाहीत. ही झाली चांगली बाजू. वाईट बाजू मी प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत असे. या मालाला घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुम्हाला गरज असते तेव्हा त्यातला एक सुट्टीवर असतो आणि दुसऱ्याचा घटस्फोट चाललेला असतो.

या धंद्यात मी आले ती दुकानाचे मूळ मालक हेर केसलर यांच्यामुळे. माझे यजमान इथल्या विद्यापीठात संशोधन करत होते आणि मी घरात बसून कंटाळले होते. पुण्यात मी एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काम केलेलं. केसलरना वाटलं, हिला कागद कळतो, आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं नुकसान केलं. एका अंकाचं पान कोपऱ्यात फाटलं होतं. मी घरून गव्हाची खळ करून नेली, पान सुरेख चिकटवलं, वर वजन ठेवून वाळवलं आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले. केसलरनी तो अंक उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "फ्राउ लिमये, कृपा करून मदत करू नका." फाटलेलं पान हा दोष, पण चिकटवलेलं पान हा मोठा दोष. आमच्या धंद्यात वस्तू होती तशी राहू द्यायची. ग्रंथालयात वाढलेल्या माझ्या हातांना हे समजायला दोन वर्षं लागली.

अंकाची प्रत इथे आकड्यात सांगतात. शून्य म्हणजे छापखान्यातून आत्ता आलेला, पाच म्हणजे रद्दीच्या उंबरठ्यावरचा. आपल्या लोकांची इथे हमखास गंमत होते. नागपूरचा एक पीएचडी करणारा मुलगा होता, फार हुशार, काहीतरी लेझरवर काम करायचा. त्याने वर्षभर इंटरनेटवरून पाच-पाच शेऱ्याचे अंक गोळा केले आणि एका शनिवारी खोका भरून माझ्याकडे आणले. "काकू, सगळे फाइव्ह आहेत. लोकांना व्हॅल्यूच कळत नाही, स्वस्तात देऊन टाकतात." मी त्याला आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग सांगितलं. त्याच्या आयुष्यात पाचपैकी पाच ही पहिल्यांदाच वाईट बातमी ठरली असावी.

केसलरांचा एक नियम होता. किमतीचा शब्द काढण्याआधी मालकासमोर बसायचं आणि प्रत्येक दोष मोठ्याने सांगायचा. स्टेपलला गंज, कण्याला चीर, मागच्या पानावर कपाचं वर्तुळ, तळघराचा वास. काही लपवायचं नाही आणि काही गोड करायचं नाही. नियम चांगला होता आणि मी तो पाळला. एकदाच तो पाळल्याचं मला वाईट वाटलं.

एक म्हातारे गृहस्थ टोपलीत वेळापत्रकाचे अंक घेऊन आले होते. त्यांच्या वारलेल्या भावाचे. मी चष्मा लावला आणि सुरू झाले. ओल, कसर, पानं गहाळ, मुखपृष्ठावर मुलाने रंगवलेल्या मिश्या. ते "या, या", म्हणजे हो हो, म्हणत ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, बाजारभावाने याला काही किंमत नाही. त्यांनी आभार मानले, टोपी घातली आणि बाहेर जाऊन टोपलीतले अंक माझ्या दुकानासमोरच्या कागदाच्या निळ्या डब्यात एकेक करून टाकले. मी काचेतून पाहत होते. दार उघडून हाक मारायला दहा पावलंही लागली नसती. मिश्या त्या भावानेच काढल्या असणार, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आलं.

हे सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते या म्हाताऱ्यांमुळे केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस बजावत होते.

दुकान बंद करण्याआधीच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात अमेय आणि रेवती राहतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. अमेयने माझ्याच दुकानातून, माझ्याच सल्ल्याने, सात वर्षांत छत्रीवालीचा पूर्ण संच जमवला होता. बाराच्या बारा अंक, आणि पहिला अंक तर इतका कोरा, की तसा केसलरांनीही पाहिला नसेल. एक मालिका येणार अशी कुणकुण होती आणि भाव चढले होते. अमेय-रेवतीने गावाबाहेर एक घर पाहून ठेवलं होतं, मागे सफरचंदाचं झाड असलेलं. नोव्हेंबरच्या कॉमिक बाजारात संच विकायचा आणि ते पैसे घराला लावायचे, असं ठरलं होतं. त्यासाठी माझा लेखी अहवाल हवा होता.

त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी रेवतीचा फोन आला.

"काकू, एक रिक्वेस्ट आहे. उद्या पहिल्या अंकात तुम्हाला काहीतरी दिसेल. प्लीज आईंसमोर काही बोलू नका."

आई म्हणजे अमेयच्या आई, शोभाताई. तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. नवऱ्यामागे पहिल्यांदाच एकट्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले. अमेय आतल्या खोलीत कॉलवर होता. शोभाताईंनी चहा आणि कांदेपोहे समोर ठेवले आणि मी हात धुऊन पुसून अंकांचा डबा उघडला. पहिल्या अंकाचं पाकीट सुटं होतं. पहिल्या पानावर वर मधोमध ओल्या बोटाने लावलेलं हळद-कुंकू होतं. पिवळा ठसा पलीकडच्या पानापर्यंत उतरला होता. एका अक्षतेची खूणही कागदात दिसत होती.

"दसऱ्याला लावलं," शोभाताई म्हणाल्या. "पाटीपूजन करायचं तर या घरात सगळी पुस्तकं कॉम्प्युटरमध्येच. हेच एक नीट जपून ठेवलेलं सापडलं. काही चुकलं का हो?"

त्या पदराला हात पुसत उभ्या होत्या. शोभाताई दिवसभर त्या घरात एकट्या असत. वॉशिंग मशीनची बटणं जर्मन, खाली जायचं तर दार मागे आपोआप बंद होण्याची भीती, शेजारीण हसून 'हालो' म्हणे तेवढंच बोलणं. त्यांना करण्यासारखी एकच गोष्ट सापडली होती आणि ती त्यांनी मनापासून केली होती. मला ती टोपली आठवली. कागदावरची छत्रीवाली छत्री उघडून माझ्याकडे बघत होती.

"छे हो," मी म्हटलं. "शुभच की. छान दिसतंय."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मलाही क्षणभर आपण पुण्य केल्यासारखं वाटलं.

अमेय मला एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनपर्यंत सोडायला आला. फलाटावर मी त्याला खरं सांगितलं. पहिल्या अंकातच संचाचा निम्मा जीव होता आणि हळदीचा डाग कशानेही निघत नाही. चिडला की त्याच्या तोंडी 'बरोबर'चं 'गेनाऊ' आणि 'म्हणजे'चं 'आल्झो' होतं.

"रेवतीला मी हजारदा सांगितलं होतं, कव्हरमधून काढायचं नाही. दसऱ्याचं डेकोरेशन, फोटो, गेनाऊ, तिलाच हौस."

गाडीला चार मिनिटं होती. फलाटावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं मी स्वतः वाचत होते. "रेवतीने नाही, तुझ्या आईने" एवढं म्हणायला चार मिनिटं पुष्कळ होतात. पण मग त्याने घरी जाऊन आईला विचारलं असतं, आणि माझं 'शुभच की' उघडं पडलं असतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी आली आणि मी चढले.

रेवतीनेही सांगितलं नाही. अमेय बोलला ते तिने ऐकून घेतलं, हे मला पुढे कळलं. संचाचे बाकीचे अकरा अंक अजून निर्दोष होते. त्यांच्या जोरावर घराचं जमेल, जरा ओढाताण होईल, एवढंच, असं दोघांनी धरलं होतं. अमेयने डबा कपाटावर ठेवून दिला. डबा वर का गेला, हे शोभाताईंना कोणी सांगितलं नाही.

लक्ष्मीपूजनाला इथे सुट्टी नसते. दोघंही ऑफिसला गेले होते. शोभाताईंनी विचार केला असावा, की सोनं बँकेत, पैसे मोबाइलमध्ये, मग या घरात पूजा कशाची करायची? मुलगा या पुस्तकांना गुंतवणूक म्हणतो, म्हणजे लक्ष्मी तीच. आणि किंमत करणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलंय की शुभ आहे. त्यांनी खुर्चीवर चढून डबा उतरवला. संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा पाटाभोवती रांगोळी होती, समई लावलेली होती आणि बाराही अंक पाकिटांतून काढून ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ओलं हळद-कुंकू, वर सुपरमार्केटातल्या शेवंतीचं एकेक फूल. सगळं अगदी नीटनेटकं.

अमेय आईला काही बोलला नाही. आरती झाली, प्रसाद झाला. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून रेवतीला म्हणाला, "एकदा करून झालं नाही? आता आईला पण शिकवलंस?" दार लोटलेलं होतं, पण लाकडाचंच होतं.

आठवड्याने मला शोभाताईंचा फोन आला. नंबर त्यांनी फ्रिजवरच्या कागदावरून घेतला होता.

"लिमयेबाई, घरात दोघं बोलत नाहीत. कामापुरतं इंग्रजीत बोलतात. माझ्या पूजेचं काही आहे का? तुम्ही तर म्हणाला होता शुभ आहे. खरं सांगा."

"शनिवारी येते," मी म्हटलं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. या धंद्यात मी फसवणारे पुष्कळ पाहिले. डाग झाकायला रंगीत पेन्सिल वापरणारे, गंजलेला स्टेपल काढून नवा घालणारे. त्या सगळ्यांना मी नाक वर करून दाराबाहेर काढलं होतं. त्या तीन दिवसांत मला त्या प्रत्येकाची आठवण झाली. मी खोटं बोलले ते त्यांच्यासारखं पैशासाठी नव्हतं, हे खरं. पण त्या एका वाक्याने अकरा अंक गेले होते. पुढचं आत्ताच सांगून टाकते. संच पुढे विकला गेला, मूळ भावाच्या अर्ध्याहून बराच कमी. सफरचंदाचं झाड दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला गेलं. ते दोघं अजून त्याच भाड्याच्या घरात आहेत.

शनिवारी दुपारी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. डबा मधे. चहा कोणी घेतला नाही. मी चष्मा लावण्याआधी शोभाताईंकडे वळले.

"त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. हळदीने त्या अंकाची किंमत तेव्हाच गेली होती. आता सगळ्यांची गेली आहे."

त्यांनी डबा स्वतःपासून जरा लांब सरकवला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस. मग मी डबा पुन्हा उघडला नसता."

मी चष्मा लावला.

"एक मिनिट, काकू," अमेय म्हणाला. "आल्झो, त्या दिवशी म्हणजे? दसऱ्याचं पण?"

"दसऱ्याचं पण मीच," शोभाताई म्हणाल्या. "तुला काय वाटलं?"

अमेयने रेवतीकडे पाहिलं. ती रिकामी पाकिटं एकावर एक रचत होती.

"तू बोलली का नाहीस?"

"आई तीन महिन्यांसाठी आल्यात," रेवती म्हणाली. "मी काय, इथेच आहे."

मग मी माझं काम सुरू केलं. एकेक अंक उघडला आणि मालकासमोर दोष सांगितले. एरवी मी हे जर्मनमध्ये सांगते, त्या दिवशी मराठीत सांगितले. पान एक, हळदीचा डाग, नखाएवढा. त्याखाली कुंकू, पलीकडच्या पानावर उतरलेलं. फुलाच्या देठाची ओल. बारा वेळा. शोभाताई ताठ बसून सगळं ऐकत होत्या. सातव्या अंकाला त्यांनी विचारलं, "हा डाग मोठा का?" मी म्हटलं, "इथे बोट जास्त ओलं होतं." त्यांनी मान हलवली.

अहवालाच्या शेवटी शेऱ्यासाठी चार ओळी असतात. मी पेन टेकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथे लिहा. बाराही पुस्तकांना हळद-कुंकू सासूने लावलं. सुनेने नाही."

"अहो, विकत घेणाऱ्याला ते कोणी लावलं याच्याशी काही देणंघेणं नसतं."

"त्याच्यासाठी नाही लिहायला सांगत."

मी जर्मनमध्ये लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं, की घरातल्या ज्येष्ठ बाईंकडून अजाणतेपणी डाग पडले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अजाणतेपणी नका लिहू. जाणूनबुजून लावलं, श्रद्धेने लावलं, आणि नुकसान झालं. तिन्ही लिहा. माझं नाव लिहा. खाली मी सही करते."

मी ओळ खोडली, नवी लिहिली, तीही वाचून दाखवली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. कागद उचलून त्यांनी तो रेवतीच्या हातात दिला.

"मला जर्मन येत नाही," त्या म्हणाल्या. "यांनी जे वाचलं तेच लिहिलंय का, तू बघून सांग. मला एकदा यांनी फसवलंय."

अठ्ठावीस वर्षांत माझा अहवाल दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायची वेळ कोणावर आली नव्हती. मी चष्मा काढून हातात धरून बसले. रेवतीने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, एकेक वाक्य मराठीत करत. 'सुनेने नाही' हे शब्द आले तिथे ती थोडी थांबली, मग पुढे गेली. अमेय तिच्याकडे बघत होता.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली.

मग त्यांनी सही केली.